करवतीचं मत

तीन नंबरचा अल्बम वाईट होता आणि तो माझ्या धाकट्या बहिणीचा होता. हे मला भांडी घासताना कळलं.

नवा अल्बम मी पहिल्यांदा भांडी घासतानाच ऐकतो. खुर्चीत डोळे मिटून बसलं की कुठलंही गाणं थोर वाटायला लागतं. हात खरकट्यात असताना, नळ वाहत असताना जे गाणं नळ बंद करायला लावतं, ते गाणं. बाकीचा नुसता आवाज. बायको म्हणते, अहो, तुमच्या परीक्षणांचा जगाला काय उपयोग होतो ते देव जाणे, माझी भांडी मात्र निघतात.

मी एका साप्ताहिकात लिहितो. दर आठवड्याला नवे पाच अल्बम, एक पान. रॉक असो, रॅप असो, जॅझ असो, नाचायचं असो की रडायचं. गाणं मी कुठे शिकलेलो नाही. कोणता सूर लागला ते मला नाव घेऊन सांगता येत नाही. खोटा लागला की कळतं, आणि ते मी तसंच लिहितो. त्यामुळे या धंद्यातले लोक मला करवत म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत. तोंडावर सर म्हणतात.

आमच्या संपादक बाईंची एक पद्धत आहे. अल्बम बाजारात यायच्या आधी त्यांच्याकडे येतात. त्या त्यावरची नावं पुसतात, चित्रं काढून टाकतात, गाण्यांची नावंसुद्धा ठेवत नाहीत. नुसते नंबर टाकतात आणि पेन ड्राइव्ह आमच्या हातात देतात. कोणाचं ऐकतोय हे आम्हाला लिहून झाल्याशिवाय कळत नाही. पूर्वी म्हणे परीक्षक मंडळी नाव बघून कौतुक करायची, नाहीतर आदल्या आठवड्यात कोणी चहा पाजला ते आठवून. बाईंनी ते दुकान बंद केलं. सोबत एकच नियम: नात्यातल्या कोणाचा अल्बम येणार असेल तर आधी सांगायचं, म्हणजे तो दुसऱ्याकडे जातो.

मी सांगितलं नव्हतं.

बहिणीनेच तसं वचन घेतलं होतं. ती दातांच्या लॅबमध्ये काम करते, कवळ्या बनवते. लहानपणी घरभर गात फिरायची. पुढे गाणं कधी थांबलं, थांबलं की नाही, मी विचारलं नाही. मग एक दिवस आईकडे जेवून उठताना तिने मला गॅलरीत ओढलं आणि सांगितलं की मी अल्बम केलाय, खोट्या नावाने केलाय, तुमच्या बाईंकडे पाठवलाय आणि तो याच महिन्यात तुझ्या पुढ्यात येईल. मी म्हटलं, मग मला बाईंना सांगावं लागेल. तिने माझा हात धरला.

"सांगितलंस तर त्या काढून घेतील. आई छान म्हणते, मावशी छान म्हणते, लॅबमधल्या पोरी ऐकायच्या आधीच छान म्हणतात. कान किटले माझे छान ऐकून. मला मत हवंय. दादाचं नकोय, करवतीचं हवंय."

आता हिला करवत हे नाव कोणी सांगितलं, हा प्रश्न मला आधी पडला. बाकीचा विचार मी केलाच नाही. म्हटलं, ठीक आहे ठमे, तुझी हौस. करवतीला नातं नसतं. असली वाक्यं गॅलरीत उभं राहून बोलायला काही लागत नाही.

तर तो पेन ड्राइव्ह आला. एक नंबर लावला, अर्धी ताटं झाली. दोन नंबरला कढई झाली. तीन नंबर सुरू झाला आणि माझ्या हातातलं पातेलं तिथेच राहिलं.

बाईचा आवाज. पातळ, गोड, मागे गिटार. ओळ सुरू करायच्या आधी ती श्वास घ्यायची तो ऐकू यायचा, आणि लांबवलेल्या शब्दाच्या शेवटी आवाज किंचित वर सरकायचा. माझी बहीण लहानपणी अगदी तसंच करायची. आई तिला म्हणायची, शेपूट नको लावूस गाण्याला. तरी मी म्हटलं, असेल योगायोग. मग पाचवं गाणं आलं. मोठ्या भावावर. तो भाऊ सारखा रागावतो, पण पाऊस आला की छत्री धरतो. आयुष्यात मी कोणावर छत्री धरलेली नाही, पण रागावतो हे खरं आहे.

बरं, गाणी नुसती वाईट असती तर चाललं असतं. कच्च्या माणसाचं वाईट मला चालतं, त्यात धडपड असते. हे पिकलेलं वाईट होतं. प्रत्येक गाणं पाकात बुडवून काढलेलं. दुःख आलं की मागे व्हायोलिन, आनंद आला की टाळ्या, ऐकणाऱ्याला स्वतःहून काही वाटायची सोयच नाही. भावाच्या गाण्यात शेवटी लहान मुलांचा कोरस होता. मी नळ बंद केला, पण गाणं ऐकायला नाही. मला बसायचं होतं.

बायको आत आली. काय झालं, तोंड का पांढरं पडलंय, विचारू लागली. मी सांगितलं. तिने ते भावाचं गाणं पूर्ण ऐकलं, मुलांच्या कोरसपर्यंत, आणि म्हणाली, "वाईट आहे हो."

"मग आता?"

"आता काय? लिहा. दुसऱ्यांच्या बहिणींना रडवताना कधी विचारलंत मला?"

मला हेच ऐकायचं नव्हतं. शब्द खरा होता म्हणून जास्तच नव्हतं.

उरलेली भांडी घासत चार आणि पाच नंबर ऐकले, आणि बाकीचे चार मी सटासट लिहून टाकले. एक नंबर, रॉक: चार पोरं आहेत, चौघंही रागावलेली आहेत, कशावर ते त्यांना माहीत नाही, आणि ड्रमवाला त्या सगळ्यांना मागून ढकलत घराबाहेर काढतो म्हणून अल्बम पुढे सरकतो. दोन नंबर, रॅप: पठ्ठ्या जिभेचा पक्का आहे, पण आपण किती मोठे आहोत याच्याशिवाय त्याला दुसरा विषय नाही, आईवर एक गाणं आहे तेवढ्यात माणूस दिसतो, पुढच्या वेळी आईकडे राहायला जावं. पाच नंबर, जॅझ: म्हातारी मंडळी, दमसास कमी, पण एकमेकांसाठी थांबतात, आणि ते थांबणं तरुणांनी विकत घ्यावं असं आहे. चार नंबरबद्दलही लिहिलं. त्यात गाणारं कोणी नव्हतं, शब्दच नव्हते, त्यामुळे बहिणीची भीती तिथे नव्हती. मोकळ्या हाताने लिहिलं आणि पुढे गेलो.

मग तीन नंबर. आधी खरं लिहिलं. ते वाचलं आणि डोळ्यांसमोर ती आली, आईकडच्या गॅलरीत, माझा हात धरून. फाडलं. पुन्हा लिहिलं, थोडं मऊ. ते खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं, कोमट पाण्यासारखं होतं. तेही फाडलं. शेवटी जे लिहिलं ते असं: "आवाजात गोडवा आहे. मांडणी नेटकी आहे. एकूणात हे पदार्पण आश्वासक म्हणावं लागेल." पाठवून दिलं आणि दात घासून झोपलो. म्हणजे आडवा झालो.

सकाळी बाईंचा निरोप, ऑफिसला ये. बाईंचं ऑफिस म्हणजे एक लांब खोली आहे, भिंतीला पाठ टेकवून ठेवलेली जुन्या अंकांची थप्पी आणि खिडकीपाशी त्यांचं टेबल. टेबलावर माझं पान छापून ठेवलेलं. त्यांनी ते बोटाने माझ्याकडे सरकवलं आणि हे कोणी लिहिलं, असं विचारलं. मी म्हटलं, मी.

"तू? आश्वासक?"

याच साप्ताहिकात, याच पानावर मी लिहिलं होतं की आश्वासक हा शब्द डॉक्टरांनी नातेवाइकांसाठी राखून ठेवावा, परीक्षकाने त्याला हात लावू नये. बाईंनी तेव्हा तो लेख चौकटीत छापला होता.

"तब्येत बरी आहे ना? घरी काही? की कोणी पैसे चारले?"

पैशाचं ऐकलं आणि मला राग आला, आणि रागात मी खरं बोलून गेलो. म्हटलं, बाई, तीन नंबर माझी बहीण आहे. मला माहीत होतं ती येणार आहे. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तिला माझं मत हवं होतं आणि मला ते देता आलं नाही. तुम्ही काय करायचं ते करा.

बाईंनी चष्मा काढला. आता लागणार, मी मनाची तयारी केली. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं माणूस बिघडलेल्या पंख्याकडे बघतो.

"तीन नंबरची बाई माझ्या वयाची आहे. तिचा हा नववा अल्बम. तुझ्याच खुर्चीत बसून तिने मला नातवाचे फोटो दाखवलेत. ती तुझी बहीण असेल तर तुझ्या आईला माझा साष्टांग नमस्कार सांग."

माझा जीव भांड्यात पडला. हा वाक्प्रचार मी हजारदा ऐकलाय, पण तो पडताना काय होतं ते त्या दिवशी कळलं. आधी मी खुर्चीत मागे रेललो. मग हसू आलं, ते आवरेना. बाईंनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी प्यायलो, ते नाकात गेलं. नववा अल्बम, आणि मी पदार्पण लिहिलं होतं. असलं हसू मला लग्नातसुद्धा आलं नव्हतं.

"झालं हसून?" बाई म्हणाल्या. "आता इथेच बस आणि तीन नंबर परत लिही. खरं."

लिहिलं. फार वेळ लागला नाही, दोनदा लिहून फाडलेलं होतंच. पाक, व्हायोलिन, मुलांचा कोरस, सगळं आलं. छत्रीवर एक वाक्य जास्तच लिहिलं, ते बाईंनी खोडलं. आणि त्या खोडत असतानाच मला दुसरा घाम फुटला. तीन नंबर ती नव्हे. मग ती कोण? रागावलेली चार पोरं ती नव्हे. रॅपवाला पुरुष. जॅझवाली म्हातारी माणसं. मी विचारायच्या आधीच बाई म्हणाल्या, चार. अनोळखी बाई तीच एक, पत्ता दातांच्या लॅबचा.

चार नंबर. ज्यात कोणी गातच नव्हतं.

मी ते पान ओढून घेतलं. मला आठवेना मी काय लिहिलंय. मोकळ्या हाताने लिहिलं होतं एवढंच आठवत होतं, आणि माझा हात मोकळा सुटला की काय होतं ते मला माहीत आहे. बाई खिडकीकडे बघत बसल्या, मुद्दाम. मी वाचलं.

"चार नंबरमध्ये शब्द नाहीत. एक आवाज आहे, तो कशाचा ते मला ओळखता आलं नाही. ओल्या दगडावर सुरी फिरावी तसा, चढतो, उतरतो, त्याखाली पियानोचे थोडेच सूर. ऐकताना दात शिवशिवले, तरी बंद करवेना. पहिल्या गाण्याला मी नळ बंद केला आणि तिसरं संपेपर्यंत तो बंद होता. ज्याने कोणी हे केलंय त्याला आपण ऐकवतोय हे माहीतच नाही असं वाटतं. तो आपलं काम करतोय आणि आपण दाराच्या फटीतून बघतोय. चौथं गाणं मात्र दुपटीने लांब आहे. ते संपवता आलेलं नाही म्हणून चालू राहिलंय. शेवटची दोन पहिल्याचीच भावंडं आहेत, आणि कमअस्सल. ती गाळावीत. बाकीचं घ्यावं, पैसे देऊन घ्यावं."

मी पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा. जे लिहिलं होतं त्यातला एक शब्दसुद्धा मला बदलावासा वाटेना, वरचा कौतुकाचा नाही आणि खालचा टीकेचाही नाही. हे मी तिला वाचून दाखवू शकत होतो. तिच्या डोळ्यात बघून.

"चांगलं लिहिलंयस," बाई म्हणाल्या. "छापणार नाही."

मी वाद घातला नाही. नियम नियम आहे, आणि तो मोडणारा मीच होतो. त्यांनी सांगितलं की चार नंबर आता आमच्या दुसऱ्या परीक्षकाकडे, दाढीवाल्याकडे जाईल, आणि पुढच्या आठवड्याचं पानही त्यालाच, म्हणजे तुला नियम नीट पाठ होईल. मी म्हटलं, दाढीवाला तिला प्रयोगशील म्हणेल. बाई म्हणाल्या, म्हणू दे, तुझ्या आश्वासकपेक्षा बरं. मग त्यांनी कात्री घेऊन पानातला तेवढाच तुकडा कापला आणि माझ्या हातात ठेवला.

लॅब एका गल्लीत, वरच्या मजल्यावर आहे. मी तिथे कधीच गेलो नव्हतो. इतकी वर्षं ती तिथे काम करतेय आणि मला जिना कुठून आहे तेही विचारावं लागलं. आत फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाला पेन्सिलीने नंबर. नाव नाही, नुसता नंबर. मेणाचा वास, टेबलांवर गुलाबी भुगा. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर होती, पॉलिशच्या चाकासमोर, अंगात ॲप्रन, केस रुमालात बांधलेले. मला बघून उठली. आधी तिला वाटलं आईला काही झालं.

मी तुकडा पुढे केला. तिने हात पुसले, घेतला, खिडकीपाशी जाऊन वाचायला लागली. पाठमोरी होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. मी रुमालाच्या गाठीकडे बघत राहिलो. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मला बसायला डबा दिला, प्लास्टरचा. तो तिनेच पुसून दिला तरी माझी विजार पांढरी झाली.

ती वळली. "चौथं लांब नाहीये."

"लांब आहे."

"एक कवळी पॉलिश व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढं आहे ते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कवळी. मधे कापलं तर ती अर्धीच राहील."

"ऐकणाऱ्याला कवळी नकोय, ठमे. त्याला स्वतःचे दात आहेत."

शेजारची मुलगी फिसकन हसली. बहीणही हसली, पण लगेच पुन्हा वाचायला लागली, ते नळ बंद केल्याचं वाक्य. मी बघत होतो तिचं बोट कुठल्या ओळीवर आहे. मग तिने विचारलं, की हे लिहिताना तुला खरंच माहीत नव्हतं? मी म्हटलं, नव्हतं, मी तर भलतीच बाई तू समजून बसलो होतो. आणि सुटकेच्या भरात तिला तीन नंबरची सगळी कथा सांगितली. छत्री, कोरस, नातवाचे फोटो, आश्वासक. मला वाटलं ती पोट धरून हसेल. ती हसलीही, नातवापर्यंत. आश्वासकला थांबली.

"म्हणजे माझा अल्बम वाईट निघाला असता, तर तू मला आश्वासक म्हणाला असतास."

"म्हणालो होतो. लिहून दिलं होतं."

तिने तुकड्याची घडी घातली. मला दुसरं काही बोलता आलं असतं. बाईंनी पकडलं नसतं तरी मी कबूल केलं असतं, असं काहीतरी. पण मी तिला आयुष्यात एकच खरी गोष्ट आणून दिली होती आणि तिच्या शेजारी लगेच खोटी ठेवायची माझी इच्छा नव्हती.

"मग मी तुला विचारायचं कसं?" ती म्हणाली.

"असंच. नाव झाकून."

"आता कसं झाकणार? तुला आवाज कळला आता. पुढच्या वेळी पहिल्याच गाण्याला ओळखशील."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बरोबर होतं. आता ती काहीही करो, मला ते चाक ऐकू येणार आणि चाकामागे ती दिसणार, आणि मी लिहायला बसलो की माझा हात कोमट पाण्यात जाणार. मी डब्यावर बसून राहिलो. फळीवरचे जबडे माझ्याकडे बघत होते, जबड्यांना जेवढं बघता येतं तेवढं.

तिने तो तुकडा ॲप्रनच्या खिशात टाकला, वरून थोपटला.

"म्हणजे हे एकदाच," ती म्हणाली. "असू दे. मला एकदाच हवं होतं."

आणि ती स्टुलावर जाऊन बसली, कारण संध्याकाळपर्यंत कोणाचे तरी दात द्यायचे होते. बसताना खांदे खाली सोडून तिने असा श्वास सोडला, की गॅलरीपासून आजपर्यंत तो तिने धरून ठेवला होता हे मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं घाबरलेला फक्त मी होतो.

तिने खटका दाबला. चाक फिरायला लागलं, तिने कवळी हळूच टेकवली आणि पहिल्या गाण्याचा पहिला आवाज निघाला, पियानोशिवाय. माझे दात शिवशिवले. मी तिथेच बसून ती कवळी पूर्ण होईपर्यंत ऐकली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

"तरी लांबच आहे," मी म्हटलं.

चाकाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसावं. पण मान न वळवता तिने दुसरी कवळी उचलून मला दाखवली, आणि तीही चाकाला लावली.